शिगेचं माप

मला चोर म्हणाली ती बाई आता या जगात नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत. मी बोलणार आहे. ती जिवंत होती तेव्हा मी वर्षानुवर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, तेवढा पुरे झाला.

ती माझी मोठी जाऊ. घरातले सगळे तिला अक्का म्हणायचे. साठच्या दशकात मी असोद्याहून धुळ्याला सून म्हणून आले तेव्हा सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घर अक्काच्या मुठीत होतं. घरात सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. थोरले दीर, अक्का, तिची मुलं आणि आम्ही दोघं. माझे यजमान कचेरीत कारकून होते. स्वभावानं गरीब. इतके गरीब की समोर कुणी बायकोला चोर म्हटलं तरी हा माणूस चष्मा पुसत बसायचा.

स्वयंपाकघराला लागून धान्याची खोली होती आणि तिची किल्ली अक्काच्या कमरेला असायची. बाजारातून शेर आणि मण जाऊन तेव्हा किलो आला होता. अडत्याकडून ज्वारी-बाजरी यायची ती पोत्यानं, किलोवर तोलून. घरात मात्र पायली आणि मापटंच चालायचं. आठ मापट्यांची एक पायली. भाकरीला धान्य किती दळायचं, खिचडीला तांदूळ किती घ्यायचे, सगळं मापट्यावर. मग बाजारातला किलो आणि घरातली पायली यांची सोयरीक कुणीतरी लावून द्यावी लागायची. आमच्याकडे ते काम अक्कानं केलं होतं. तिनं एकदा पायलीभर गहू कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेऊन तोलून आणले. साडेतीन किलो भरले. झालं! त्या दिवसापासून पायली म्हणजे साडेतीन किलो. गहू असो, बाजरी असो, डाळ असो, नाही तर माती असो. पोतं इतक्या किलोचं, म्हणजे त्यात इतक्या पायल्या, रोज इतकी मापटी काढली की पोती अमुक सणापर्यंत पुरणार, हे ती बोटांवर घडाघडा सांगायची. आबा कौतुकानं मान डोलवायचे.

मी नवी, म्हणून रोज सकाळी धान्य मोजायचं आणि गिरणीवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. अक्का खोलीचं कुलूप काढायची, "सहा मापटी घे" म्हणायची आणि दूध तापवायला निघून जायची. मी सहा मापटी घ्यायची. एक दाणा जास्त नाही, एक दाणा कमी नाही, अशी माझी समजूत होती.

आता ऐका. आमच्या असोद्याला माप शिगेनं भरतात. पायली असो की मापटं, वर दाण्यांचं टोक चढलं पाहिजे. कडेनं चार दाणे घरंगळायला लागले की माप भरलं. माझी माय तर मी लहानपणी मापट्यावरून हात फिरवला म्हणून हातावर फटका मारायची. सपाट माप आमच्याकडे एकदाच भरतात, घरातलं माणूस गेल्यावर पिंडाच्या तांदळाचं. जित्या माणसांच्या घासाला सपाट माप लावायचं नाही, ही आमची रीत. धुळ्याच्या त्या घरात मात्र माप सपाट. वरून तळहात फिरवायचा, शीग खाली पाडायची आणि मग ते मापटं. ही गोष्ट मला कुणी सांगितली का? नाही. मी कुणाला विचारली का? कशाला विचारीन? पाणी कसं प्यायचं हे कुणी सासरी जाऊन विचारतं का?

तर मी रोज सहा मापटी शिगेनं भरली. मापट्याचं तोंड चांगलं रुंद होतं, एका शिगेत दीड-दोन मुठी सहज बसायच्या. ते दाणे गेले कुठे? गिरणीत गेले, पिठात गेले, भाकरीत गेले आणि त्या घरातल्या माणसांच्या पोटात गेले. माझ्या भाकरी जाड व्हायच्या, पोटाला आधार द्यायच्या. थोरले दीर आणखी एक मागून घ्यायचे. अक्काची मुलं शाळेतून आली की गार भाकरी आणि ठेचा घेऊन ओट्यावर बसायची. आबा एकदा शेजाऱ्याला म्हणालेसुद्धा, नवी सून आली आणि घरात बरकत आली. त्या वर्षी ते घर पोटभर जेवलं हो! आणि पोटभर जेवून त्यांनीच मला चोर म्हटलं.

अक्काच्या बोटांवरच्या हिशेबानं बाजरी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, पुढे पुरायला हवी होती. होळी झाली आणि पोत्याचा तळ दिसायला लागला. अक्का पहिल्यांदा काही बोलली नाही. फक्त मी धान्य काढताना दारात उभी राहू लागली. मी आपली भोळी, मला वाटलं बाई सोबतीला उभी राहते. तिची नजर माझ्या ओटीवर होती, मापट्यावर नव्हती. एकदा जरी तिनं मापट्याकडे बघितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चोर शोधायला निघालेलं माणूस हातातल्या पदराकडे बघतं, हातातल्या मापाकडे नाही.

आखाजीला आमच्या खानदेशात लेक माहेरी जाते. झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. लग्नानंतरची माझी ती पहिली आखाजी. मला न्यायला माझे वडील आले. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. असोद्याला थोडी केळी, थोडा कापूस. त्यांनी चहा घेतला, आबांशी पाऊसपाण्याचं बोलले आणि माझी ट्रंक उचलली. त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती.

अक्का दारात आडवी उभी राहिली.

"थांबा. पिशवीमा काय शे, दखाडा," ती म्हणाली.

नानांना कळलंच नाही. ते हसले. त्यांना वाटलं, विहीणबाई थट्टा करतात. अक्कानं पिशवी त्यांच्या खांद्यावरून ओढून घेतली आणि ओट्यावर उलटी केली. त्यातून एक धोतर पडलं, एक टॉवेल आणि तंबाखूची चंची. मग तिनं माझी ट्रंक उघडली, लुगडी झटकून बघितली. गल्लीतल्या बायका जमल्या. "पोती रिकामी व्हयनी," अक्का त्यांना सांगत होती, "आखाजीपर्यंतना दाणा होळीले सरना. माहेर शे ना, मंग काय!" ट्रंकेत काही सापडलं नाही तेव्हा ती म्हणाली की आधीच पोचवलं असणार. दिवाळीला माझा भाऊ येऊन गेला होता, त्याच्याही नावानं बोटं मोडली.

मी ओरडले. मी काही गरीब गाय नव्हते. मी म्हटलं, खोटं आहे, देवाशप्पथ खोटं आहे, मी एक दाणा इकडचा तिकडे केला नाही. पण मग बाजरी गेली कुठे, असं आबांनी विचारलं. मलाच ठाऊक नव्हतं. यजमान चष्मा पुसत होते. नाना खाली बसले, त्यांनी धोतराची घडी घातली, चंची कमरेला खोचली आणि मला म्हणाले, "चाल."

एस.टी.त ते एक शब्द बोलले नाहीत. जळगाव आलं, असोदा आलं. घरी मायला एवढंच म्हणाले, "पोर थकेल हाय, तिले जेवू घाल." त्यानंतर ते धुळ्याच्या त्या घराची पायरी कधी चढले नाहीत. मला न्यायला भाऊ यायचा. मी मनात म्हटलं, अक्के, याचा सूड घेतल्याशिवाय मी मरायची नाही. आणि एक सांगते, मला सुडाहून मोठी एक गोष्ट हवी होती. माझी लेक चोर नव्हती, हे नानांना ताठ मानेनं म्हणता यावं, एवढंच. बाकी गल्लीनं काय म्हणायचं ते म्हणावं.

आखाजीहून परत आले तेव्हा धान्याची खोली मला बंद झाली होती. आता अक्का स्वतः मोजून द्यायची. सगळ्यांच्या देखत मी परात पुढे धरायची आणि ती मापटं भरून, वरून तळहात फिरवून, शीग पोत्यात पाडून, माझ्या परातीत ओतायची. रोज. तो तिचा हात मला अजून दिसतो, जाड, हिरव्या बांगड्यांचा. आणि त्या हातामुळेच मला कोडं सुटलं.

गिरणीवाला दळण आधी तोलायचा. पहिल्याच दिवशी त्यानं काट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "का वं वहिनी, आज कमी आणं? पावणा गया का?"

मी म्हटलं, कमी कुठे, रोजचीच सहा मापटी आहेत. तो म्हणाला, मापटी तुमची, काटा माझा. रोजच्यापेक्षा चांगलं अर्ध्या किलोनं कमी आहे. मी तिथंच उभी राहिले. परात हातातच. शीग! माझी शीग! बाजरी कुठे गेली ते मला त्या पिठाच्या धुरळ्यात उभ्या उभ्या कळलं.

मी धावत घरी आले आणि यजमानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तुझं बरोबर असेल, पण आता जुनं उकरू नकोस, वहिनी पुन्हा घर डोक्यावर घेईल. मग मी आबांकडे जायला निघाले तर हात धरून म्हणाले, माझ्यासाठी. एवढंच त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलं, आणि तेही असलं!

बरं. गप्प बसले. पण नुसती बसले नाही. गिरणीवर रोज जायचंच होतं, तर मी वजन शिकले. मापटंभर गहू काट्यावर किती, बाजरी किती, उडदाची डाळ किती, तांदूळ किती. डाळ मापट्यात दाटून बसते, ज्वारी पोकळ बसते. रवा आणि पीठ यांच्यात केवढा फरक! पायलीभर गहू दळून आणा आणि त्याच पायलीनं मोजा, पायली भरून वर कितीतरी पीठ उरतं. तेच पीठ आपटून आपटून भरा, पुन्हा निराळं. पायली एकच, पण आत काय आहे त्यावर तिचं वजन बदलतं. अक्काला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी सांगणार नव्हते. तिची पायली साडेतीन किलोची. राहू दे म्हटलं, असू दे, नांदू दे सुखानं! नाक दाबायची वेळ आली की दाबीन.

वेळ यायला बरीच वर्षं लागली. एकोणीसशे सत्तरच्या आसपास अक्काच्या थोरल्या मुलाला दीपनगरला वीज केंद्रात नोकरी लागली. अक्कानं देवीला नवस बोलला होता, वरण-बट्टीचा. पांझरेच्या काठी देवीच्या आवारात जेवण ठरलं. गल्ली, सोयरे, आबांचे जुने मित्र, अक्काचं सगळं माहेर. आचारी बोलावला. त्यानं माणसं विचारली आणि सांगितलं, बट्टीचं जाडसर पीठ तीस किलो लागेल, गव्हात थोडा मका घालून दळा.

अक्कानं धान्य तोलून गिरणीवर पाठवलं. गिरणीवाल्यानं दळून, तोलून, तीस किलो पीठ दोन गोण्यांत भरून परत दिलं. चोख काम. इथं ती थांबली असती तर मी आजपर्यंत हात चोळत बसले असते. पण ज्या बाईनं सगळ्या जगावर चोरीचा संशय घ्यायचा, ती गिरणीवाल्याला बरी सोडेल? "मेला पीठ मारस," म्हणाली, आणि घरी पायलीनं मोजायला बसली. साडेतीन किलोची पायली, म्हणजे तीस किलोला साडेआठ पायल्या आणि वर थोडं. साडेआठ पायल्या मोजून झाल्या, वरचं मूठभर झालं, तरी दुसऱ्या गोणीत पीठ शिल्लक!

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला पीठ फुगतं हे कळू नये? कळत होतं हो. डब्यात ओतताना रोज दिसत होतं. पण पीठ फुगतं ही एक गोष्ट आणि पायली म्हणजे साडेतीन किलो ही दुसरी, या दोघी तिच्या डोक्यात कधी समोरासमोर आल्याच नाहीत. शिवाय तिचा भाऊ आदल्या दिवशी येऊन बसला होता. बहिणीला भावाला काहीतरी द्यायचं असतंच. उरलेलं पीठ बघून तिचा चेहरा असा फुलला!

"देवी पावनी वं!" ती म्हणाली.

मी शेजारी बसून लसूण सोलत होते. आता मी काय केलं ते नीट ऐका. मी तिला सांगू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "अक्का, तुमचं माप कधी चुकलंय का? देवीनंच दिलं. देवीचं दिलेलं कोठीत ठेवू नये म्हणतात, माहेरच्या माणसाच्या हाती द्यावं."

तिनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मायेनं बघितलं. "शहाणी शे तू," म्हणाली. आणि उरलेलं सगळं पीठ तिनं भावाच्या पिशवीत भरलं. जेवण झालं की तो तिथूनच गाडीला जाणार होता, म्हणून पिशवी आमच्या बैलगाडीतूनच देवीच्या आवारात गेली. मला पश्चात्ताप झाला का, असं माझ्या सुनेनं मला एकदा विचारलं होतं. नाही झाला. त्या रात्री मी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी आचाऱ्यानं पीठ कालवतानाच म्हटलं, कमी वाटतंय. अक्का म्हणाली, मी स्वतः मोजलंय, तीस किलो आहे, तुझे हात मोठे आहेत म्हणून कमी वाटतं. लोक हसले. पहिली पंगत जेवली, तूप ओतून ओतून जेवली. दुसरी जेवली. तिसऱ्या पंगतीत आबांचे मित्र होते, अक्काच्या भावाची सासरची माणसं होती आणि मागे सगळ्या बायका बसायच्या होत्या. आणि बट्टी संपली. पत्रावळीवर वरण, वांग्याची भाजी, आणि बट्टी नाही! नवसाच्या जेवणात पाहुणा वरण बोटानं चाटत बसलाय, अशी शोभा खानदेशात कुणी बघितली नसेल.

आबा उठले. म्हातारे झाले होते, पण आवाज तसाच होता. "बठ्ठं पीठ कोठे गयं?"

आचारी म्हणाला, "आबा, माले तीस किलो पीठ भेटनंच नही."

अक्का म्हणाली, भेटलं, मी मोजून दिलं. गिरणीवाला पंगतीतच बसला होता, तो म्हणाला, मी तीस किलो तोलून दिलं, पोरांची शपथ. मग पीठ गेलं कुठे? हाच प्रश्न मी एकदा ओट्यावर उभी राहून ऐकला होता. अक्का इकडे बघते, तिकडे बघते. अहाहा! खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. पुरणपोळीवर तूप घालून खावी तसं.

मी पुढे झाले. डोक्यावरचा पदर नीट केला आणि आबांना म्हटलं, "आबा, पीठ कुठे गेलं ते मी दाखवते. आणि बाजरी कुठे गेली होती तेही दाखवते."

आचाऱ्याकडे तागडी होती. पायली-मापटं बैलगाडीतच होतं. अक्काच्या भावाला मी म्हटलं, दादा, जरा तुमची पिशवी आणा. तो बिचारा लाल झाला, पण घेऊन आला. त्यातलं पीठ मी पायलीत भरलं, वरून हात फिरवला, अगदी अक्का फिरवायची तसा, आणि तागडीत घातलं. पावणेतीन किलोसुद्धा भरलं नाही. लोक उठून जवळ आले. मग मी आचाऱ्याचे उरलेले तांदूळ मागितले. मापटं सपाट भरून तोललं. तेच मापटं शिगेनं भरून तोललं. तागडीचं पारडं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेलं. मी म्हटलं, "माझ्या माहेरी माप असं भरतात. मला कुणी सांगितलं नाही की या घरात तसं भरत नाहीत. त्या वर्षीची तुमची बाजरी तुम्हीच खाल्ली, आबा. नवी सून आली आणि घरात बरकत आली, असं तुम्हीच म्हणाला होतात. आणि माझ्या बापाची पिशवी दारात उलटी केली."

गिरणीवाला हळूच म्हणाला, वहिनींचं दळण त्या दिवसांत जास्तच भरायचं, मला आठवतं. अक्का देवळाच्या पायरीवर बसून तोंडाला पदर लावून रडायला लागली. तिच्या भावाचं पीठ आचाऱ्यानं परातीत ओतलं, पुन्हा बट्टी लागली आणि बायका उशिरा का होईना जेवल्या. आबा माझ्यापाशी आले, सगळ्यांसमोर हात जोडले. "आमनी चूक व्हयनी, पोरी," म्हणाले. यजमानांनी त्या दिवशी चष्मा पुसला नाही. त्यांचे डोळेच पुसायचे होते.

किल्ली माझ्याकडे आली. मग मी काय केलं? मोठ्या मनानं माफ केलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. अक्काला तिच्या पोरांसाठी काही करायचं असलं की ती परात घेऊन माझ्यासमोर यायची आणि मी मापटं भरून, वरून तळहात फिरवून द्यायची. सपाट. रोज. आमच्या असोद्याला तसं माप कधी भरतात ते मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. ती मरेपर्यंत मी तिला शीग दिली नाही.

पण हे सगळं ज्या माणसासाठी, तो असोद्याला बसला होता. नवसाच्या जेवणानंतर पहिल्या सवडीला मी निघाले. माय त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. नाना ओट्यावर बाजेवर बसले होते, फार वाळले होते. मी पाय धुतले नाहीत, पाणी प्याले नाही, आधी सांगायला बसले. गिरणी सांगितली, पायली सांगितली, उरलेलं पीठ, तिसरी पंगत, तागडी, सगळं. आबांनी हात कसे जोडले ते करून दाखवलं. नाना हसत होते. कमी हसणारा माणूस, पण तोंडावर हात ठेवून हसत होता. मी म्हटलं, "नाना, आता चला माझ्यासोबत धुळ्याला. ताठ मानेनं चला. सगळ्या गल्लीसमोर सिद्ध झालं."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"जाऊ दे वं माय," ते म्हणाले. "म्या तं तुले कवाच माफ केलं व्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कशाबद्दल माफ, नाना?"

"लहान व्हती तू. त्या सालाले आपल्या घरी बी दाने नव्हते. तुझा जीव तुटला असीन. लेक हाय, माहेराले देतेच."

"नाना, आले का माझे दाणे तुमच्या घरी? कधी बघितले?"

"तुझ्या मायजवळ देत असशीन, असं वाटलं मले."

"मायला विचारलं नाही?"

"तिले काहाले इचारू? तिले लाज वाटली असती."

इतकी वर्षं! त्या ओट्यावर धोतराची घडी घालताना, एस.टी.त गप्प बसताना, आणि नंतर धुळ्याची पायरी न चढताना. मी समजत होते, माझा बाप अपमान झाला म्हणून येत नाही. माझा बाप लाज वाटते म्हणून येत नव्हता. माझी. आणि मायची. माय त्याच्या हातावर रोज भाकरी वाढत गेली, चोरीच्या दाण्यांचा डाग अंगावर घेऊन गेली, आणि तिला ते कधी कळलंही नाही. आता तिला विचारायचं तरी कुठे? मी म्हटलं, "पण आता तर कळलं ना, नाना? आता सांगितलं ना मी सगळं?"

"हो, हो. चांगलं केलं तू. तिची जिरवली," ते म्हणाले. आणि डोळा मिचकावला. ते हुशार लेकीचं कौतुक करत होते.

अक्कावर सूड उगवणं सोपं होतं. ती परकी होती. मी आत गेले, चूल पेटवली, नानांसाठी भाकरी केल्या, भाजी केली, ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि माझी पिशवी घेऊन दारात उभी राहिले.

"न जेवता?" ते म्हणाले. "एक घास तं खाय. गाडीले लई टाइम हाय."

"नको, नाना," मी म्हटलं. "मी गेल्यावर घरातलं पीठ तेवढं मोजून घ्या. कमी भरलं तर लगेच कळवा. मला माफ नका करू."

त्यांचा हात भाकरीवर तसाच राहिला. मी पायरी उतरले.